एकतिसावा दिवस

१९९४ सालची गोष्ट. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, काउंटर उघडून अर्धा तासही झाला नसेल, तोच एक निवृत्त प्राथमिक शिक्षक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी आणि हातात पेढ्यांचा पुडा. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. आम्हीही तेच म्हणत असू.

गुरुजी आमच्या एका थकलेल्या कर्जाला जामीन होते. शेजाऱ्याने पिठाच्या गिरणीसाठी कर्ज काढले, गुरुजींनी शेजारधर्म म्हणून सही केली. गिरणी बंद पडली, शेजारी गाव सोडून गेला आणि बँकेने रिवाजाप्रमाणे दोघांवरही दावा लावला. फेब्रुवारीत तालुक्याच्या कोर्टाचा निकाल लागला. कर्जदारावर हुकूमनामा झाला. पण जामिनकीच्या कागदात दोष निघाल्यामुळे गुरुजींवरचा दावा कोर्टाने फेटाळला.

"साहेब, वकील म्हणाले, अपिलाची मुदत संपली. सुटलो एकदाचा. तोंड गोड करा," गुरुजी म्हणाले.

मी पेढा खाल्ला. त्यांच्या खटल्याची फाईल त्या घटकेला आमच्या क्षेत्रीय कार्यालयात, 'अपील करावे काय?' अशा टिपणीसह पडून आहे, हे मला ठाऊक होते. ते मी बोललो नाही. बोलणे माझ्या अधिकारात नव्हते हे खरे. पण पेढा न खाणे तरी अधिकारात होते.

फाईल क्षेत्रीय कार्यालयातून विभागीय कार्यालयात गेली, तिथून मुख्य कार्यालयाच्या विधी विभागात. प्रत्येक ठिकाणी कुणी रजेवर, कुणाची बदली, कुठे लेखापरीक्षण चालू. 'अपील करावे' असा शेरा घेऊन ती शाखेत परतली तेव्हा आषाढ लागला होता. आम्ही जिल्हा न्यायालयात अपील दाखल केले. नकलेचे दिवस वजा जाताही ते ११२ दिवस उशिरा होते. सोबत उशीर माफ करावा असा अर्ज जोडला. त्याचा कच्चा मसुदा माझा. 'प्रशासकीय कारणास्तव झालेला व हेतुपुरस्सर नसलेला विलंब' हे शब्द मीच लिहिले, आणि प्रतिज्ञापत्रावर सहीही मीच केली.

भाद्रपदात गुरुजींच्या घरी गणपती बसलेले असताना कोर्टाचा बेलीफ नोटीस घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी गुरुजी शाखेत आले. दरम्यान मानेवरचे ओझे उतरले म्हणून त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घराची कौले बदलून घेतली होती. ते रागावले नाहीत. नोटीस माझ्यापुढे ठेवून त्यांनी शाळेत विचारावा तसा प्रश्न विचारला, "साहेब, तुमच्या तीस दिवसांत किती दिवस असतात?"

कोर्टाने उशीर माफ केला. बँकेने गुरुजींना तीनशे रुपये खर्चापोटी द्यावेत असा हुकूम झाला. ते तीनशे रुपये बँकेने दिले आणि 'विधी खर्च' म्हणून त्याच कर्जखात्याला नावे टाकले, ज्या खात्याला गुरुजी जामीन होते. त्या व्हाउचरवरही सही माझीच आहे.

अपिलाचा पुढे काय निकाल लागला हा या लेखाचा विषय नाही. गुरुजींचा तो प्रश्न हा विषय आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर कादंबऱ्या लिहिताना माणसाला जुन्या गोष्टी उकरण्याची खोड लागते, आणि दर वेळी मी त्या प्रश्नाशी येऊन थांबतो. खालच्या कोर्टात हरलेल्या माणसाला वरच्या कोर्टात जायला कायद्याने मोजके दिवस दिले आहेत. ते दिवस कुणासाठी खरे आहेत आणि कुणासाठी नुसते कागदावर आहेत?

आधी हे दिवस किती, ते पाहू. घरटी एक तरी दावा असणाऱ्या आपल्या समाजात ही माहिती पंचांगाइतकी ठाऊक असायला हवी. ती तशी नाही. मुदतीचा कायदा १९६३ सालचा आहे. दिवाणी दाव्यात तालुक्याच्या कोर्टाने दिलेल्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात जायचे तर तीस दिवस. उच्च न्यायालयात जायचे तर नव्वद दिवस. दुसरे अपीलही तिथेच आणि नव्वद दिवसांतच. उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीची याचिका करायची तर साधारणपणे नव्वद दिवस. त्याच कोर्टाने आपला निकाल पुन्हा तपासावा असा फेरविचाराचा अर्ज असेल तर तीस दिवस. फौजदारीतही तीस आणि साठ असे वेगवेगळे आकडे आहेत. महसुली बाबतीत, म्हणजे फेरफाराच्या नोंदीवरून तहसीलदार-प्रांतांकडे चालणाऱ्या भांडणांत, जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर साठ दिवस, एरवी नव्वद. ग्राहक आयोगांत जिल्ह्याहून राज्य आयोगाकडे जायला २०१९ च्या कायद्याने पंचेचाळीस दिवस दिले आहेत. १९८६ च्या जुन्या कायद्यात ते तीस होते.

दिवस मोजायचीही एक रीत आहे. निकालाचा दिवस धरायचा नाही. समजा निकाल ३ मार्चला लागला, तर ४ मार्च हा पहिला दिवस आणि २ एप्रिल हा तिसावा. पण अपिलासोबत निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लावावी लागते, आणि ती मिळायला कोर्टाला जेवढे दिवस लागतात तेवढे आपल्या हिशेबातून वजा होतात. १० मार्चला नकलेचा अर्ज केला आणि २४ मार्चला नक्कल तयार झाली, तर ते पंधरा दिवस वजा. शेवटची तारीख १७ एप्रिलवर जाते. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील दिले तरी चालते. नकलेच्या शेवटी अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि हातात दिल्याची तारीख लिहिलेली असते. ती ओळ निकालाइतकीच महत्त्वाची असते हे पुष्कळांना नक्कल हरवल्यावर कळते.

मात्र त्यात एक खाच आहे. नकलेचा अर्ज मूळ मुदतीच्या आत केला असेल तरच ते दिवस वजा होतात. तीस दिवस उलटून गेल्यावर अर्ज केला, तर नक्कल मिळायला महिना लागो की आठवडा, त्याचा उपयोग नाही. या खाचेत माझा एक मावसभाऊ पडला.

त्याचे भांडण होते शेताकडे जाणाऱ्या वाटेचे. दावा सात वर्षे चालला आणि मृगात, पेरणीच्या ऐन घाईत, निकाल त्याच्याविरुद्ध लागला. वकील म्हणाले, "काळजी करू नका, वरच्या कोर्टात जाऊ." 'जाऊ' या शब्दात बोलणाऱ्याने 'तुम्ही फी घेऊन आलात की जाऊ' असे म्हटले होते, ऐकणाऱ्याने 'आम्ही जातोच आहोत' असे ऐकले. भाऊ गावी परतला, पेरणी केली, कोळपणी केली. नागपंचमी झाल्यावर तो तालुक्याला गेला तेव्हा वकिलांनी कपाळाला हात लावला. मग नकलेचा अर्ज, मग नक्कल, मग जिल्ह्याचा वकील. अपील दाखल झाले ते एक्केचाळीस दिवस उशिरा. उशीर माफ करावा की नाही, एवढ्या एका प्रश्नावर पुढे दोन वर्षे तारखा पडल्या. दरम्यान समोरच्याने वाटेवर काटेरी तारेचे कुंपण घातले. शेवटी अर्ज फेटाळला गेला. शेतीची कामे आणि वकिलावरचा भरवसा ही पुरेशी कारणे नाहीत, असे ठरले. वाटेवर त्याचा हक्क होता की नव्हता, हे वरच्या कोर्टाने पाहिलेच नाही. उच्च न्यायालयात जायची त्याची ऐपत उरली नव्हती; तो आता दुसऱ्याच्या बांधावरून, त्याची विनवणी करून, बैल नेतो.

म्हणजे बँकेचे ११२ दिवस 'प्रशासकीय कारण' म्हणून माफ झाले आणि माझ्या भावाचे ४१ दिवस पेरणीमुळे माफ झाले नाहीत. कोर्टे वेगळी होती, न्यायाधीश वेगळे होते, दोन्ही निकाल कायद्याच्या चौकटीत बसणारे होते. मी कुणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण दोन्ही घरांत मी जेवलेलो आहे, म्हणून हे मला बोचते.

काही मंडळी म्हणतील, मग ही मुदतच कशाला हवी? न्याय महत्त्वाचा की तारीख? मी या मताचा नाही. बँकेत पस्तीसहून अधिक वर्षे काढलेला माणूस तारखेला क्षुल्लक म्हणूच शकत नाही. कर्जाच्या कागदाचे आयुष्य साधारण तीन वर्षांचे. त्या आत कर्जदाराची बाकी कबूल केल्याची सही घेतली तर कागद पुन्हा तीन वर्षे जिवंत. एक दिवस चुकला तर तो मुदतबाह्य. आम्ही त्यासाठी एक वही ठेवत असू आणि लाल शाईने तारखा लिहीत असू. त्या एका सहीसाठी मी पावसातून मोटारसायकलवर वाड्यावस्त्या हिंडलो आहे. कर्जदाराच्या सहीची तारीख आम्ही कधी चुकवली नाही. अपिलाच्या तारखांची वही मात्र आमच्या शाखेत नव्हतीच. आपल्या फायद्याची तारीख आम्ही लाल शाईने लिहीत होतो, आणि ज्या तारखेला समोरचा मोकळा होणार ती लिहून ठेवायची गरज कुणाला वाटत नव्हती.

मुदत असते ती जिंकलेल्या माणसासाठी. भांडणाला कुठे तरी शेवट हवा. आपण जिंकलो की नाही हे कळायला माणसाला उभा जन्म लागू नये. त्याला घराची कौले बदलता यावीत, मुलीचे लग्न ठरवता यावे, जमिनीत विहीर खणता यावी. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स या प्रकरणात हीच गोष्ट सांगितली. अपिलाची मुदत संपली की जिंकलेल्या पक्षाला एक मौल्यवान हक्क प्राप्त होतो, आणि तो सहजासहजी हलवता कामा नये, असा त्या म्हणण्याचा आशय. कायदा याबाबत इतका कडक आहे, की मुदत टळल्याची तक्रार समोरच्याने केली नाही, तरी कोर्टाने स्वतःहून ते अपील काढून टाकले पाहिजे.

पण कायदा करणारे काही दगडाचे नव्हते. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात त्यांनी एक दार किलकिले ठेवले. उशिराला 'पुरेसे कारण' होते असे पटले तर कोर्टाला तो माफ करता येतो. पुरेसे म्हणजे काय, हे त्यांनी लिहिले नाही. माणसाच्या अडचणींची यादी करता येत नाही, म्हणून तो शब्द त्यांनी मोकळा ठेवला असावा. या एका शब्दावर गेली कित्येक दशके देशभर वाद चालले आहेत.

१९८७ साली काश्मीरमधल्या अनंतनागच्या एका भूसंपादनाच्या प्रकरणात सरकारचे अपील अवघे चार दिवस उशिरा आले होते आणि उच्च न्यायालयाने ते फेटाळले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो उशीर माफ केला. प्रत्येक दिवसाच्या उशिराचा खुलासा मागायचा, तर मग प्रत्येक तासाचा आणि प्रत्येक सेकंदाचा का नको, असा खोचक सवाल न्यायमूर्तींनी केला. मुद्दाम उशीर करून कुणाचा फायदा होत नसतो, उलट धोकाच असतो. तेव्हा उदारपणे पाहावे, असे सूत्र त्यांनी घालून दिले. १९९८ साली बालकृष्णन यांच्या प्रकरणात तर, वकिलाच्या बेफिकिरीमुळे एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यास झालेला ८८३ दिवसांचा उशीर माफ झाला. दिवस किती यापेक्षा कारण पटते की नाही हे पाहा, असे कोर्टाने सांगितले.

ही उदारता होती अडलेल्या माणसासाठी. तिचा फायदा घेतला मोठ्यांनी. सरकारी खाती, महामंडळे आणि आमच्यासारख्या बँका यांनी हे किलकिले दार येण्या-जाण्याचा राजमार्ग करून टाकले. फाईल फिरत होती, हे कारण छापील नमुन्यासारखे वापरले जाऊ लागले. अखेर २०१२ साली टपाल खात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला नकार दिला. मुदतीचा कायदा सर्वांना बांधतो, सरकारलाही. आणि या तंत्रज्ञानाच्या काळात लाल फितीची सबब चालणार नाही, असे ठणकावले. २०२० साली मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आले तेव्हा पंचवीस हजार रुपयांचा भुर्दंड पडला. केवळ 'कोर्टानेच फेटाळले, आता आमचा इलाज नाही' असा दाखला मिळवून फाईल बंद करण्यासाठी अशी प्रकरणे आणली जातात, हेही त्या वेळी कोर्टाने बोलून दाखवले. ते वाचताना मी दचकलो. आमच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या साहेबांनी अगदी हाच विचार मला चहा पिताना सांगितला होता: "अपील नाही केलं तर लेखापरीक्षक विचारील. केलं आणि फेटाळलं तर कुणी विचारणार नाही." सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकातल्या गृहनिर्माण मंडळाचा ३९६६ दिवसांचा, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांचा उशीर उच्च न्यायालयाने माफ केला होता, तो निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अकरा वर्षांत शाळेत घातलेले पोर दहावी होते.

वारे फिरले आहे ही आनंदाची गोष्ट आहे. पण मला भीती वेगळीच वाटते. कोर्टे उशिराबाबत कडक होतात तेव्हा तो कडकपणा आधी कुणाच्या वाट्याला येतो? ज्याच्याकडे विधी विभाग आहे तो सुधारेल. अपिलाच्या तारखेची सूचना संगणकावर लावून घेईल. माझ्या मावसभावाकडे विधी विभाग नाही. काही कायद्यांत तर आता ते दारही मोजून ठेवले आहे. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने, फार तर आणखी तीस दिवस, त्यापुढे एकही नाही. दिवाळखोरीच्या कायद्यात अपिलाला तीस दिवस आणि वर पंधरा. मग दार बंद. मोठ्या व्यापाऱ्यांच्या भांडणात हे योग्यच आहे. पण तोच खाक्या उद्या शेताच्या वाटेला लागला तर?

म्हणून माझे म्हणणे असे आहे. मुदत पाळायला लावायची असेल तर ती आधी सांगा. निकालपत्राच्या शेवटी, मराठीत, एक ओळ लिहा: या निकालावर अमुक न्यायालयात अपील करता येते, नकलेचे दिवस वगळता त्याची शेवटची तारीख अमुक.

ही मागणी काही आकाशातून पडलेली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या विसाव्या आदेशात १९७६ च्या दुरुस्तीने ५-अ हा नियम घातलेला आहे. निकाल देताना, अपील कुठे करता येते आणि किती दिवसांत, हे कोर्टाने हजर पक्षकारांना सांगावे आणि सांगितल्याची नोंद ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीलाही अपिलाची मुदत सांगावी अशी तरतूद जुन्या फौजदारी संहितेत होती, आणि तिच्या जागी आलेल्या २०२३ च्या संहितेतही आहे. म्हणजे सांगायला हवे, हे कायद्याला मान्य आहे. पण दिवाणीतल्या नियमाला एक अपवाद आहे: दोन्ही पक्षांना वकील असतील तर सांगायची गरज नाही. आणि आपल्याकडे दोन्ही बाजूंना वकील नसलेला दावा शोधावा लागतो. तेव्हा नियम पुस्तकात आणि पक्षकार अंधारात. वकील आहे म्हणजे पक्षकाराला माहीत आहे, हे गृहीतच खोटे आहे. वकिलाचे वकीलपत्र त्या कोर्टापुरते असते. निकाल लागला की त्याच्या लेखी काम संपते. पक्षकाराच्या लेखी मात्र वकील म्हणजे कुळाचा उपाध्याय. या दोन समजुतींच्या मधल्या फटीत माणसे पडतात.

हा अपवाद काढून टाकावा, आणि सांगणे तोंडी न ठेवता लेखी करावे. हल्ली कोर्टाचे निकाल संगणकावरच टंकले जातात, खटल्याची पुढची तारीख मोबाईलवर दिसते. जी यंत्रणा पुढची तारीख कळवते तिला शेवटची तारीख कळवणे अवघड नाही. आणि काळ थांबवता येतो हेही आपण पाहिले आहे. करोनाच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला. संकट सर्वांवर आले तेव्हा ते सर्वांना दिसले. एकट्या माणसाच्या घरचे संकट तेवढ्या सहज दिसत नाही, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट जिंकलेल्या माणसासाठी. मुदत संपल्यावर वरच्या कोर्टात अपील आलेले नाही, असा साधा दाखला त्याला मागता यावा. गुरुजींच्या हाती तसा कागद असता आणि तो पाहून त्यांनी कौले बदलली असती, तर आमच्या ११२ दिवसांच्या अर्जापुढे तो कागद ठेवता आला असता. आणि तिसरी गोष्ट: सरकारने किंवा बँकेने उशीर केला आणि कोर्टाने तो माफ केला, तर खर्चाची रक्कम तीनशे रुपये नसावी, आणि ती कुठल्याही खात्याला नावे न पडता ज्याच्या टेबलावर फाईल पडून राहिली त्याच्या पगारातून जावी. माझ्या पगारातून गेली असती तर मला ती आवडली नसती. म्हणूनच ती जायला हवी होती.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत घरात दावा असेल त्यांनी निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज करावा. अपील करायचे की नाही हे नंतर ठरवता येते. वकिलांकडून शेवटची तारीख कागदावर लिहून घ्यावी आणि ती कालनिर्णयावर गोल करून ठेवावी. ऐपत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, कमी उत्पन्नाच्या लोकांना आणि आणखीही काहींना तिथे फुकट वकील मिळतो. आणि हे ध्यानात ठेवावे की नुसते अपील केल्याने खालच्या कोर्टाचा हुकूम थांबत नाही; त्यासाठी वेगळी स्थगिती मागावी लागते. जिंकलेल्यानेही गाफील राहू नये. कॅव्हेट दाखल करून ठेवले, तर नव्वद दिवसांपर्यंत त्याला न कळवता एकतर्फी स्थगिती मिळवणे समोरच्याला अवघड जाते. हुकूमनामा बजावून घ्यायला जिंकलेल्याला साधारणपणे बारा वर्षे मिळतात आणि अपील करायला हरलेल्याला तीस दिवस, हे प्रमाण दोघांनीही लक्षात ठेवावे.

गेल्या महिन्यात एका स्नेह्याच्या दाव्याचा निकाल वाचायला मिळाला. सव्वीस पाने होती. साक्षी, पुरावे, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, सारे व्यवस्थित. शेवटच्या पानावर आदेश, न्यायाधीशांची सही, तारीख आणि शिक्का. त्याखाली अर्धे पान कोरे होते. स्नेह्याला मी विचारले, "अपिलाची शेवटची तारीख कोणती?" तो म्हणाला, "वकिलांना माहीत असेल."

मी उठून त्याच्याकडून पेन मागून घेतले, भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढले आणि आम्ही दोघे दिवस मोजायला बसलो.